लिंकनचे चरित्र परीक्षणाला घेताना

अब्राहम लिंकनच्या चरित्रावर मराठीत लिहिलेले परीक्षण वाचायला घेतले की पुढे काय येणार, याचा अंदाज बहुधा पहिल्याच परिच्छेदात येतो. केंटकीतले लाकडी खोपट, शेकोटीच्या उजेडातले वाचन, निवडणुकांमधले पराभव, गुलामांची मुक्तता आणि फोर्ड नाट्यगृहातली गोळी हे टप्पे क्रमाने सांगून होतात आणि शेवटी पुस्तक प्रत्येकाने संग्रही ठेवावे अशी शिफारस येते. अशा लेखातून लिंकनचे आयुष्य थोडक्यात कळते. पुस्तक कसे आहे, ते मात्र कळत नाही. लिंकनवर इंग्रजीत हजारो पुस्तके आहेत. वॉशिंग्टनला फोर्ड नाट्यगृहासमोरच्या इमारतीत त्यांतील काही हजार पुस्तकांच्या प्रतिकृतींचा तीन मजली मनोराच उभा केलेला आहे. एवढ्या गर्दीत हे चरित्र कशासाठी लिहिले गेले, लेखकाने कोणत्या पुराव्यावर भिस्त ठेवली आणि पुरावा अपुरा पडला तेथे तो कसा वागला, हे सांगणे परीक्षकाचे काम आहे. ते काम कोणत्या क्रमाने करावे, याची माझी पद्धत पुढे मांडली आहे.

पहिली पायरी: पुस्तकाचे वय आणि गोत्र ठरवणे

पुस्तक उघडण्यापूर्वी त्याचे प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहावे. पुनर्मुद्रणाचे वर्ष अनेकदा फसवते, कारण शंभर वर्षांपूर्वीची चरित्रे आजही नव्या वेष्टनात विकली जातात. लिंकनच्या बाबतीत हे वर्ष फार महत्त्वाचे ठरते, कारण कोणत्या लेखकाला कोणते कागद पाहायला मिळाले, हे त्यावरून जवळजवळ निश्चित करता येते.

लिंकनच्या हत्येनंतर लगेचच दोन परस्परविरोधी प्रवाह सुरू झाले. स्प्रिंगफील्डमधला त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने १८६५ पासून लिंकनच्या जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना गाठून, पत्रे लिहून आठवणी गोळा केल्या. अडीचशेहून अधिक माणसांच्या या साक्षींवर आधारलेले त्याचे चरित्र, जेसी वाइक याच्या साहाय्याने लिहून झाल्यावर, १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात माणूस दिसतो, विनोद दिसतो, उदासी दिसते. पण साक्षीदार पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सांगत आहेत, हेही दिसते. दुसरा प्रवाह जॉन निकोले आणि जॉन हे या लिंकनच्या दोन खासगी सचिवांचा. त्यांनी आठवणींपेक्षा कागदपत्रांवर भर दिला आणि १८९० मध्ये दहा खंडांचा इतिहास पूर्ण केला. लिंकनचा हयात असलेला एकमेव मुलगा रॉबर्ट याने वडिलांची कागदपत्रे त्यांना दिली, परंतु हस्तलिखित आपल्या नजरेखालून घालण्याच्या अटीवर. आणि आजोबांविषयीचा न आवडलेला मजकूर त्याने काढायलाही लावला. या दहा खंडांत लढायांची आणि मंत्रिमंडळाची वर्णने इतकी लांबतात की चरित्रनायक कित्येक प्रकरणे गायबच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला परीक्षकाने कचरू नये.

रॉबर्टने ही कागदपत्रे पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सोपवली, परंतु आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ती कोणाला दाखवू नयेत अशी अट घातली. तो २६ जुलै १९२६ रोजी वारला, म्हणून संग्रह खुला झाला तो २६ जुलै १९४७ रोजी. यावरून एक सोपा ठोकताळा निघतो. आयडा टार्बेल, लॉर्ड चार्नवुड (१९१६), ॲल्बर्ट बेव्हरिज (१९२८) किंवा कार्ल सँडबर्ग (१९२६ आणि १९३९) यांपैकी कोणालाही हा संग्रह पाहायला मिळालेला नव्हता. बेव्हरिजने तर मागणी करूनही त्याला नकार मिळाला. रॉय बॅस्लर यांच्या संपादनाखाली लिंकनच्या समग्र लेखनाचे खंड १९५३ पासून येऊ लागले, आणि हर्नडनने जमवलेल्या साक्षी व्यवस्थित संपादित होऊन एका खंडात मिळू लागल्या त्या १९९८ मध्ये. म्हणून डेव्हिड हर्बर्ट डोनाल्डच्या १९९५ च्या चरित्राला आणि मायकेल बर्लिंगेमच्या २००८ च्या दोन खंडी चरित्राला एकाच मापाने मोजणेही पुरते न्याय्य होत नाही.

वयानंतर गोत्र. संपूर्ण आयुष्य एका खंडात बसवणारे पुस्तक, अनेक खंडांचे पुस्तक, आयुष्याचा एकच पैलू किंवा काही वर्षे घेणारे पुस्तक आणि विशिष्ट मत मांडण्यासाठी लिहिलेले पुस्तक, यांच्याकडून वेगवेगळ्या अपेक्षा ठेवाव्या लागतात. डॉरिस कर्न्स गुडविन यांच्या २००५ च्या ‘टीम ऑफ रायव्हल्स’मध्ये लिंकनबरोबर स्यूअर्ड, चेस आणि बेट्स या पुढे त्याच्याच मंत्रिमंडळात आलेल्या प्रतिस्पर्ध्यांची आयुष्ये गुंफलेली आहेत, त्यात बालपण थोडक्यात उरकले अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. एरिक फोनरचे २०१० चे ‘द फायरी ट्रायल’ गुलामगिरीविषयीचे लिंकनचे विचार कसकसे बदलत गेले एवढ्यावरच लक्ष ठेवते, आणि तेवढ्यापुरते ते अतिशय पक्के पुस्तक आहे.

दुसरी पायरी: मागच्या टिपांपासून वाचन

चरित्र पहिल्या पानापासून सलग वाचण्याआधी शेवटच्या टिपा आणि संदर्भसूची चाळावी. टिपाच नसतील तर ती मोठी बातमी आहे. सँडबर्गच्या सहा खंडांत अशा टिपा नाहीत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या काळावरच्या चार खंडांना १९४० चे इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले असले, तरी एखाद्या प्रसंगाचे मूळ शोधू पाहणारा वाचक तेथे अडकतोच. टिपा असतील तर त्या मूळ पत्रांकडे, भाषणांकडे, वृत्तपत्रांकडे जातात की निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्या एखाद्या चरित्राकडे बोट दाखवतात, हे पाहावे. सगळ्या टिपा मोजत बसण्याची गरज नसते. मधले एखादे प्रकरण निवडून त्याच्याच टिपा ओळीने तपासल्या तरी लेखकाची सवय कळते.

सलग वाचन सुरू केल्यावर वहीचे पान उभे तीन रकान्यांत विभागावे. पहिल्या रकान्यात पृष्ठक्रमांक, दुसऱ्यात लेखकाचे विधान थोडक्यात आणि तिसऱ्यात त्याचा आधार लिहावा. तिसरा रकाना जेथे रिकामा राहतो, तेथे तांबड्या शाईने खूण करावी. ‘लिंकनला त्या रात्री वाटले असेल’, ‘त्याच्या मनात आले असावे’ अशी वाक्ये विशेष लक्ष देऊन उतरवून घ्यावीत. लिंकनने रोजनिशी ठेवली नव्हती आणि मनातले कोणाजवळ सहसा उघड केले नाही, ही त्याच्या सहकाऱ्यांचीच तक्रार होती. त्यामुळे त्याच्या अंतर्मनाविषयी फार खात्रीने बोलणारा चरित्रकार बहुधा स्वतःच्या अंतर्मनाविषयी बोलत असतो.

तिसरी पायरी: कसोटीच्या जागा

सातशे-आठशे पानांच्या ग्रंथातले प्रत्येक विधान तपासणे कोणालाच शक्य नाही. म्हणून वादग्रस्त अशा चार-पाच जागा आधीच ठरवून घ्याव्यात आणि प्रत्येक चरित्रात त्याच जागा बारकाईने पाहाव्यात. मी ज्या जागा पाहतो त्या अशा.

पहिली जागा ॲन रटलेज. लिंकन तरुणपणी राहत होता त्या न्यू सेलम गावातल्या खानावळ चालवणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी २५ ऑगस्ट १८३५ रोजी तापाने वारली. लिंकनचे तिच्यावर प्रेम होते आणि तिच्या मृत्यूने तो वेडापिसा झाला, ही कथा हर्नडनने नोव्हेंबर १८६६ मधल्या व्याख्यानात जगासमोर आणली. त्या वेळी लिंकनची विधवा मेरी हयात होती, आणि आपल्या नवऱ्याने ॲनखेरीज दुसऱ्या कोणावर खरे प्रेम केलेच नाही हे तिला भर सभेतल्या व्याख्यानातून कळावे, यात हर्नडन आणि मेरी यांच्यातल्या जुन्या वैराचा भाग किती, हा प्रश्न तेव्हापासून आहे. सँडबर्गने ही कथा काव्यमय करून सांगितली. १९२८-२९ मध्ये ‘ॲटलांटिक मन्थली’ने या दोघांची म्हणून प्रेमपत्रेच छापली, ती बनावट ठरली. १९४५ मध्ये जेम्स रँडलने साक्षी तपासून ही कथा जवळजवळ निकालात काढली, आणि १९९० च्या सुमारास डग्लस विल्सन आणि जॉन सायमन या अभ्यासकांनी त्याच साक्षी पुन्हा वाचून रँडलने त्या नको तितक्या झटकून टाकल्या असे दाखवले. आता आपल्यासमोरचे पुस्तक काय करते? कथा सरळ सांगून मोकळे होते, तिला फाटा देते, की साक्षीदार तीस वर्षांनंतर बोलत होते आणि तरीही त्यांच्यापैकी अनेकांचे म्हणणे जुळत होते, या दोन्ही गोष्टी वाचकासमोर ठेवते? तिसरा मार्ग घेणारा लेखक इतर ठिकाणीही बहुधा विश्वासार्ह असतो.

दुसरी जागा वर्णभेदाविषयीची लिंकनची विधाने. १८ सप्टेंबर १८५८ रोजी इलिनॉयमधल्या चार्ल्स्टन येथे सिनेटच्या निवडणुकीतला प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस याच्याबरोबरच्या चौथ्या वादसभेत, काळ्या-गोऱ्यांमध्ये सामाजिक आणि राजकीय समता आणण्याच्या बाजूने आपण नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. १४ ऑगस्ट १८६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये भेटायला आलेल्या पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना त्याने आपल्या लोकांसह मध्य अमेरिकेत वसाहत करण्याचा विचार करावा असे सुचवले. मुलांसाठीच्या चरित्रांत हे दोन्ही प्रसंग नसतात, हे एक वेळ समजू शकते. प्रौढांसाठीच्या जाड ग्रंथात ते एका वाक्यात गुंडाळले असतील, तर परीक्षणात तसे नाव घेऊन लिहावे. उलट, एवढ्या दोन प्रसंगांवरच सारा लिंकन उभा करणारे पुस्तक ११ एप्रिल १८६५ चे भाषण कसे हाताळते ते पाहावे; कारण सुशिक्षित कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्यातल्या सैनिकांना मताधिकार द्यावा असे आपल्याला वाटते, हे त्याने त्या शेवटच्या जाहीर भाषणात सांगितले होते. श्रोत्यांत त्याचा पुढचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ उभा होता.

तिसरी जागा मला सर्वांत उपयोगी वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली याने ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकनला खुले पत्र लिहून गुलामगिरीबाबत तो मवाळ आहे असा जाहीर आरोप केला. २२ ऑगस्टच्या उत्तरात लिंकनने लिहिले की संघराज्य वाचवणे हा आपला मुख्य हेतू आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर आपण तसे करू, सर्वांना मुक्त करून वाचत असेल तर तसे करू, आणि काहींना मुक्त करून काहींना तसेच ठेवून वाचत असेल तर तेही करू. आता तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, चरित्रकाराने पत्राचे शेवटचे वाक्य दिले आहे का? त्यात लिंकन म्हणतो की वर सांगितलेला हेतू पदाच्या कर्तव्यापुरता आहे, आणि सर्वत्र सर्व माणसे मुक्त असावीत ही वारंवार व्यक्त केलेली व्यक्तिगत इच्छा आपण बदललेली नाही. दुसरी, मुक्तीच्या घोषणेचा मसुदा एक महिना आधी, २२ जुलै रोजी, मंत्रिमंडळासमोर वाचून झालेला होता आणि लष्करी विजय मिळेपर्यंत थांबावे या स्यूअर्डच्या सल्ल्यावरून तो बाजूला ठेवलेला होता, हे सांगितले आहे का? तिसरी, या दोन गोष्टी सांगितल्यावर लेखक त्यांचा अर्थ काय लावतो? कोणी म्हणेल की लिंकन जनमताची मशागत करत होता. कोणी म्हणेल की तो खरोखरच दोन्ही दारे उघडी ठेवत होता. दोन्ही अर्थ मांडता येतात. परंतु शेवटचे वाक्य कापणारा लिंकनचा टीकाकार असो की जुलैचा मसुदा पुढे करून पत्र ही निव्वळ चाल होती असे ठामपणे सांगणारा भक्त असो, दोघेही वाचकाला अर्धाच कागद दाखवतात.

चौथी जागा खुद्द मुक्तीची घोषणा. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटीटमच्या लढाईनंतर २२ सप्टेंबरला प्राथमिक आणि १ जानेवारी १८६३ ला अंतिम घोषणा निघाली. ती संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरती होती. संघराज्यात राहिलेली सीमेवरची गुलाम राज्ये, टेनेसी आणि लुइझियाना व व्हर्जिनियाचे काही भाग तिच्यातून वगळलेले होते. तिने कृष्णवर्णीयांना सैन्यात येण्याची वाट मोकळी केली, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्यातले सुमारे १,८०,००० सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. मळ्यांतून पळून सैन्याच्या छावण्यांत आलेल्या हजारो गुलामांनी हा प्रश्न लिंकनच्या दारात आणून ठेवला, हे अलीकडच्या इतिहासकारांचे म्हणणे चरित्रात कितपत उतरले आहे ते पाहावे. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्मारकाच्या अनावरणप्रसंगी फ्रेडरिक डग्लस या एके काळी स्वतः गुलाम असलेल्या कृष्णवर्णीय नेत्याने जे तोलून मापून भाषण केले, त्यात गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या नजरेने लिंकन थंड आणि मंद वाटतो, पण देशातल्या तत्कालीन जनमताच्या मापाने तो वेगवान आणि निश्चयी ठरतो, असे त्याने म्हटले होते. त्यातला एकच अर्धा भाग उचलणारी चरित्रे दोन्ही बाजूंनी सापडतात.

उरलेल्या जागा थोडक्यात. मेरी लिंकनचे चित्रण हर्नडनच्या रागाच्या चष्म्यातून आले आहे का, ते पाहावे. बर्लिंगेमसारख्या आधुनिक संशोधकानेही तिच्याविषयी फार कडक लिहिले आहे, तर जीन बेकर यांच्या १९८७ च्या मेरीचरित्रात तीच माणसे वेगळी दिसतात. हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित करण्याचा १८६१ चा निर्णय आणि मेरिमन प्रकरणात सरन्यायाधीश टॅनी यांनी दिलेला विरोधी निवाडा किती पानांत आला आहे, ते मोजावे. आणि मिनेसोटात डकोटा या मूळनिवासी जमातीशी झालेल्या युद्धानंतर तिच्यातल्या ज्या ३०३ जणांना फाशीची शिक्षा झाली होती, त्यांचे कागद स्वतः तपासून लिंकनने बहुतेकांची फाशी थांबवली, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्काटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी होती. या प्रसंगाचा सूचीत उल्लेखच नसेल, तर लेखकाने कोणाचा लिंकन लिहिला आहे ते कळते.

चौथी पायरी: अवतरणांची झडती

लिंकनच्या तोंडी घातलेल्या वाक्यांची संख्या त्याने उच्चारलेल्या वाक्यांपेक्षा जास्त असावी, असे कधी कधी वाटते. पुस्तकातली निदान दहा अवतरणे तपासावीत. बॅस्लर यांचे समग्र लेखन मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधण्याच्या सोयीसह मोफत उपलब्ध आहे, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले मूळ कागदही संगणकावर पाहता येतात. स्वतः लिंकनने लिहिलेले आणि इतरांनी ‘तो असे म्हणाला’ म्हणून सांगितलेले, यांत स्पष्ट रेघ ओढावी. दुसऱ्या प्रकारासाठी डॉन आणि व्हर्जिनिया फेहरेनबाकर यांचा १९९६ चा संग्रह आहे. त्यात अशा उक्तींना विश्वासार्हतेनुसार ए पासून ई पर्यंत श्रेणी दिल्या आहेत. ऐकणाऱ्याने लगोलग टिपून ठेवलेले शब्द वरच्या श्रेणीत, आणि बहुधा खोटे ते शेवटच्या. चरित्रकाराने खालच्या श्रेणीतले वाक्य प्रकरणाचा कळस म्हणून वापरले असेल, तर एवढे एक उदाहरण परीक्षणात दिले तरी पुरते.

भाषणांच्या संहितेचाही प्रश्न असतो. गेटिसबर्गच्या १९ नोव्हेंबर १८६३ च्या भाषणाच्या लिंकनच्या हस्ताक्षरातल्या पाच प्रती आहेत आणि त्यांतल्या शब्दांत फरक आहेत. देवाचा उल्लेख असलेले शब्द पहिल्या दोन प्रतींत नाहीत. ते भाषण आगगाडीत पाकिटाच्या पाठीवर खरडले, ही दंतकथा छापणारे पुस्तक हाती आले तर पुढचे सगळेच जपून वाचावे. स्टीफन डग्लसबरोबरच्या वादसभांचे वृत्तान्त दोन्ही पक्षांच्या वृत्तपत्रांनी आपापल्या माणसाची भाषा नीटनेटकी करून छापले होते, हेही लक्षात असू द्यावे.

मराठी वाचकासाठी येथे एक खास मुद्दा येतो. मुलाच्या मुख्याध्यापकांना लिंकनने लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापट यांच्या सुंदर मराठी रूपात महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर लागले आहे, ते लिंकनच्या समग्र लेखनात नाही. बापटांच्या कवितेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु मराठीत लिहिलेल्या चरित्रात ते पत्र पुरावा म्हणून आले असेल आणि परीक्षकाने त्यावर अवाक्षर काढले नसेल, तर परीक्षकाने समग्र लेखन उघडून पाहिलेच नाही असा अर्थ होतो.

पाचवी पायरी: शेजारी दुसरे पुस्तक

निदान एक चरित्र तुलनेसाठी हाताशी हवे. हर्नडन, निकोले-हे आणि चार्नवुड यांचे ग्रंथ हक्कमुक्त असल्यामुळे आंतरजालावर फुकट मिळतात. बर्लिंगेमच्या दोन खंडांची छापील प्रत महाग पडते, पण त्यांच्या न कापलेल्या हस्तलिखिताची प्रत, विस्तृत टिपांसकट, इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे; परीक्षकाला ती छापील आवृत्तीपेक्षाही जास्त उपयोगी पडते. वर सांगितलेल्या कसोटीच्या जागा दोन्ही पुस्तकांत समोरासमोर वाचाव्यात.

अशा वाचनातून लेखकाचा काळही दिसू लागतो. परस्परांना समजून न घेणाऱ्या पुढाऱ्यांच्या चुकांतून यादवी युद्ध ओढवले, असे मानणाऱ्या इतिहासकारांपैकी रँडल एक होता, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीचा युद्धाविषयीचा अविश्वास त्याच्या मांडणीत जाणवतो. डोनाल्डने ग्रंथाच्या आरंभी लिंकनच्या १८६४ च्या पत्रातले, घटनांवर आपले नियंत्रण नव्हते, घटनांनीच आपल्याला चालवले, अशा अर्थाचे वाक्य ठेवले आणि सारा लिंकन त्या प्रकाशात उभा केला. त्यामुळे त्याचा लिंकन अनेकांना फार सोशिक वाटतो. माझे मत विचाराल तर डोनाल्डचे गद्य आणि प्रमाणबुद्धी यांना तोड नाही, परंतु १८६२ चा उन्हाळा त्याच्या पुस्तकात थोडा निस्तेज होतो. तेथे फोनर सोबत लागतोच.

सहावी पायरी: मराठी पुस्तक किंवा अनुवाद असेल तर

अनुवादाच्या परीक्षणात मूळ पुस्तकाचे श्रेय आणि अनुवादाचे काम वेगळे करून सांगावे. मूळच्या टिपा आणि सूची ठेवल्या आहेत का, संक्षेप केला असल्यास तसे छापले आहे का, व्हिग पक्ष, सीमावर्ती राज्ये किंवा फरारी गुलामांचा कायदा यांसारख्या गोष्टी मराठी वाचकाला तळटीप देऊन समजावल्या आहेत का, हे पाहावे. आजचा रिपब्लिकन पक्ष आणि १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी जन्मलेला रिपब्लिकन पक्ष यांतला फरक अनुवादकाने कोठेच सांगितला नसेल, तर वाचकाचा गोंधळ अटळ आहे. मुळातली दोन-तीन पाने आणि अनुवादातली तीच पाने ओळीने ताडून पाहिल्याशिवाय ‘ओघवता अनुवाद’ असे लिहू नये.

मराठीत लिंकनकडे पाहण्याच्या स्वतःच्या जागाही आहेत, आणि परीक्षकाला त्या ठाऊक असाव्यात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. एका राष्ट्राध्यक्षाला नव्हे. मुक्तीचे श्रेय कोणाचे, या अमेरिकेतल्या वादात हा तपशील फार बोलका आहे. डॉ. आंबेडकर यांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेताना याच ग्रीली पत्राचा आधार घेऊन लिंकनवर कठोर टीका केली. वि. ग. कानिटकर यांना आपल्या चरित्राला ‘फाळणी टाळणारा महापुरुष’ असे म्हणावेसे वाटले, त्यात १९४७ चा अनुभव घेतलेल्या पिढीची नजर आहे. या तीन दृष्टींपैकी समोरच्या मराठी पुस्तकात कोणती आहे, हे सांगता आले तर परीक्षणाला खोली येते. मात्र गुलामगिरी आणि जातिव्यवस्था, दक्षिणेचे फुटणे आणि आपली फाळणी, अशी समीकरणे पुस्तकात नसताना परीक्षकाने स्वतःच्या हौसेने घालू नयेत.

सातवी पायरी: लेखन

बाराशे ते पंधराशे शब्दांच्या परीक्षणात लिंकनच्या आयुष्याला दोनशेहून अधिक शब्द देऊ नयेत. आरंभ पुस्तकाच्या मुख्य प्रतिपादनाने करावा आणि ते प्रतिपादन लेखकाला मान्य होईल अशा शब्दांत, म्हणजे टीका सुरू करण्याआधी, मांडावे. त्यानंतर कसोटीच्या जागांपैकी एकच जागा निवडून ती सविस्तर दाखवावी. सगळ्याच जागांना हात लावल्यास कोणतीच नीट उलगडत नाही. पुस्तकातले एखादे चांगले आणि एखादे सामान्य वाक्य उद्धृत करावे, म्हणजे शैलीविषयी विशेषणे वापरावी लागत नाहीत. नकाशे, छायाचित्रे, सूची आणि छपाई यांवर दोन वाक्ये पुरतात. लेखकाशी किंवा प्रकाशकाशी ओळख असेल तर ती सांगून टाकावी. पुस्तक कोणासाठी आहे ते स्पष्ट लिहावे: प्रथमच लिंकन वाचणाऱ्याला डोनाल्ड देता येईल, राजकारणाची आवड असणाऱ्याला गुडविन, आणि ज्याला प्रत्येक साक्ष पाहायची आहे त्याला बर्लिंगेम. हर्नडन मात्र कोणालाही एकटा देऊ नये. त्याच्या जोडीला तपासणारे दुसरे पुस्तक हवे.

मजकूर पाठवण्यापूर्वी तारखा पुन्हा पाहाव्यात, कारण मराठीतल्या परीक्षणांत सर्वाधिक चुका तेथेच होतात. १८६३ च्या घोषणेने अमेरिकेतली गुलामगिरी संपली, असे वाक्य आपल्या लेखात राहिले असेल तर ते बदलावे. ती देशभर संपली तेराव्या घटनादुरुस्तीने. ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली आणि राज्यांच्या मान्यतेने अमलात आली ६ डिसेंबर १८६५ रोजी. लिंकन १५ एप्रिलच्या सकाळीच वारलेला होता, म्हणून ‘घटनादुरुस्ती अमलात आणून’ या क्रियापदाचा कर्ता तो असू शकत नाही.